मशिदीचा हिशेब वाचतो, महापालिकेचा का नाही?

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. प्रचाराच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यांत काय काय कबूल केलं गेलं, ते आठवून पाहा. कब्रस्तानची भिंत, शादीखाना, चौकात कमान, दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीत पेव्हर ब्लॉक. ही यादी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीही जवळपास अशीच होती. मागणारे तेच मागतात म्हणून देणारे तेच देतात, किंवा निदान देण्याचं कबूल करतात. 'आमच्या प्रभागासाठी मागच्या वर्षी बजेटमध्ये किती रुपये ठेवले होते आणि त्यातले किती खर्च झाले?' हा प्रश्न कोपरा सभेत उभं राहून कुणी विचारला, असं मात्र फारसं ऐकू येत नाही.

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा, त्याला कारण आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. राज्यातल्या इतर अनेक शहरांची गत वेगळी नव्हती. एरवी महापालिकेचं अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात आणि ते स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यात बदल सुचवते आणि मग ते मंजुरीसाठी मुख्यसभेत जातं. प्रशासकाच्या काळात मांडणाराही तोच, चर्चा करणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं, पुण्याचं १२,६१८ कोटींचं. एवढ्या पैशांवर लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाचं मत घेतलं गेलं नाही आणि आपल्या वस्त्यांत त्याची चर्चाही झाली नाही. आता नगरसेवक परत आले आहेत. ते आले म्हणून आपला प्रश्न आपोआप सुटेल, असं समजणं भाबडेपणाचं ठरेल.

आपल्याला हिशेब कळत नाही, हे आम्हाला मान्य नाही. जवळपास प्रत्येक मशिदीत एक नोटीस बोर्ड असतो. महिन्याला चंदा किती आला, इमाम साहेबांचा पगार किती, लाइट बिल किती, वजूखान्याच्या नळाची दुरुस्ती किती, शिल्लक किती, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. जुम्म्याच्या नमाजनंतर चपला शोधता शोधता लोक तो कागद वाचतात. आकडा जुळला नाही तर त्याच संध्याकाळी नाक्यावर चर्चा होते आणि कमिटीच्या सेक्रेटरीला उत्तर द्यावं लागतं. रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब होतो. सोनं किती, बचत किती, कर्ज वजा जाता अडीच टक्के किती, ती कुणाला द्यायची आणि कुणाला देता येत नाही, हे आपल्या अम्मी-नानींना तोंडपाठ असतं. गंमत म्हणजे मराठीत 'जकात' हा शब्द शहराच्या नाक्यावर मालावर घेतल्या जाणाऱ्या करासाठी रुळला आणि महापालिकांच्या तिजोऱ्या कित्येक दशकं त्याच जकातीवर चालल्या. एका जकातीचा आपण पै-पैचा हिशेब ठेवला. दुसरीचा कधी मागितलाच नाही.

ती दुसरी जकात आता राहिलेली नाही. आधी मुंबई सोडून बाकी महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर बंद झाली. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं आणि ही भरपाई आज अनेक शहरांच्या उत्पन्नातला मोठा भाग आहे. तरुण वाचकांनी हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा. मोहल्ल्यातली पुष्कळ कुटुंबं भाड्याने राहतात. कुणाचं घर झोपडपट्टीत आहे, कुणाच्या घराची नोंदच धड नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. त्यामुळे 'आपण कुठे टॅक्स भरतो, आपण कुठल्या तोंडाने विचारायचं?' असा एक संकोच आपल्याकडे दिसतो. तो निराधार आहे. साबण, चप्पल, मोबाइलचं रिचार्ज, शिलाई मशीनचा सुटा भाग, प्रत्येक खरेदीत जीएसटी आहे. हातगाडीवाल्याचा पैसाही फिरून महापालिकेच्या तिजोरीत जातो. आणि समजा एक रुपयाही भरला नसता, तरी मतदार यादीत नाव आहे एवढं कारण विचारायला पुरेसं होतं. मात्र ज्यांना मालमत्ता कराचं बिल येतं आणि जे ते वर्षानुवर्षं थकवतात, त्यांची बाजू आम्ही घेणार नाही. थकबाकीदाराला पाण्याची लाइन मागताना अडचण होते आणि त्याची झळ शेजाऱ्यालाही बसते.

या पैशांत नागरिकाला थेट बोलता येईल अशी एक वाट पुण्यात २००६ पासून आहे. तिला 'नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक' म्हणतात. पुढच्या वर्षीच्या बजेटची तयारी सुरू होते तेव्हा, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, महापालिका नागरिकांकडून कामं मागवते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं असतं. तुटलेला फुटपाथ, पथदिवे, सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती, पावसाळी गटार, बस थांबा. एका कामाच्या खर्चाला मर्यादा असते आणि प्रत्येक प्रभागासाठी एकूण रक्कम ठरलेली असते. क्षेत्रीय कार्यालयातले अभियंते जागा पाहतात, काम महापालिकेच्या हद्दीत आणि अधिकारात बसतं का ते तपासतात. मग प्रभाग समितीत यादी ठरते आणि ती अंदाजपत्रकात जाते.

ऐकायला छान वाटतं, पण आकडा मांडून पाहू. एका प्रभागाला पाऊण कोटी रुपये धरले, तरी पुण्याच्या ४१ प्रभागांचे मिळून साधारण ३१ कोटी होतात. १२,६१८ कोटींच्या अंदाजपत्रकात हा पाव टक्का झाला. शंभर रुपयांतले चार आणे नागरिकांना विचारून खर्च करायचे आणि बाकीचे पूर्वीसारखेच. त्या चार आण्यांतही नगरसेवकांची कामं कार्यकर्त्यांच्या नावाने अर्ज भरून घुसवली जातात, ही पुण्यातली जुनी तक्रार आहे. शिवाय 'वर्गीकरण' नावाची एक वाट आहे. एका कामासाठी ठेवलेली तरतूद वर्षाच्या मध्यात ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवायची, याला महापालिकेच्या भाषेत वर्गीकरण म्हणतात. गटारासाठी ठेवलेला पैसा अशा रीतीने बाकड्यांना, बादल्यांना किंवा कापडी पिशव्यांना जाऊ शकतो. बाकड्यांवर नाव रंगवता येतं, गटारावर येत नाही.

मग या चार आण्यांसाठी धडपड कशाला? आमच्या मते ती करण्यासारखी आहे, कारण त्या अर्जामुळे उरलेल्या शंभर रुपयांचं दार किलकिलं होतं. एक काम सुचवलं की त्याचा पाठपुरावा करावा लागतो. पाठपुरावा करताना कळतं की तरतूद म्हणजे खर्च नव्हे. तरतुदीनंतर एस्टिमेट होतं, टेंडर निघतं, वर्क ऑर्डर दिली जाते, काम होतं, अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि मग ठेकेदाराचं बिल निघतं. या प्रत्येक पायरीवर एक कागद आणि सही करणारा एक माणूस असतो. गल्लीतल्या काँक्रीटला सहा महिन्यांत तडे गेले तर दोषदायित्व कालावधीत ते ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. हे माहीत असलेला मुलगा नगरसेवकाकडे विनंती घेऊन जात नाही, तो थेट ज्युनियर इंजिनियरला वर्क ऑर्डरचा नंबर सांगतो. मोहल्ल्यात असे पाच जण तयार झाले तरी बोलण्याचा सूर बदलतो.

आता थोडं कडू बोलू. अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजनांतून शहरांना आणि गावांना मुस्लिमबहुल भागांत मूलभूत सुविधांसाठी निधी मिळतो. कब्रस्तानची कुंपणभिंत, ईदगाहची सोय, सामाजिक सभागृह ही कामं त्यात बसतात आणि ती गरजेचीही आहेत. कब्रस्तानच्या जागेवर अतिक्रमण होताना पाहिलेल्या कुणालाही भिंतीचं मोल सांगायला नको. पण या निधीने आपल्या राजकारणाला एक वाईट सवय लावली आहे. नेता या छोट्या पेटीकडे बोट दाखवतो आणि आपण मोठ्या तिजोरीकडे पाहायचं विसरतो. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, शाळा, दवाखाने, घनकचरा, रस्ते हे सगळं महापालिकेच्या मुख्य अंदाजपत्रकात असतं आणि तो पैसा या पेटीच्या कितीतरी पट असतो. त्यात आपला हिस्सा धर्माच्या नावाने येत नाही. तो प्रभागाच्या, रस्त्याच्या, शाळेच्या नावाने येतो. जिथे कुणी मागत नाही, तिथून तो शांतपणे पुढच्या प्रभागात जातो.

यात व्यवहाराची बाजूही आहे. 'अल्पसंख्याक' असं लेबल लागलेला रुपया सरकार बदललं की आधी अडवला जातो आणि त्यावरून 'लांगूलचालन' म्हणून भाषणं होतात. पावसाळी गटाराच्या लाइनला असं लेबल लागत नाही. शिवाय ती लाइन फक्त आपल्या गल्लीपुरती नसते. बहुतेक शहरांत मुस्लिम मोहल्ला आणि बौद्ध किंवा मातंग वस्ती एकाच नाल्याच्या काठावर असतात आणि एकाच पावसात दोन्हींत पाणी शिरतं. बजेटच्या कामासाठी एकत्र बसायला याहून सोपं निमित्त कुठलं मिळणार? त्यामुळे अर्ज भरताना 'मुस्लिम वस्तीत सुधारणा करावी' असं मोघम लिहू नका. कुठल्या चौकापासून कुठल्या शाळेपर्यंत, किती मीटर, गटाराचं झाकण नाही की पाइपच नाही, किती घरांना त्रास आहे, ते लिहा. मोबाइलवर फोटो काढून तारखेसह जोडा. मोघम मागणी फाइलमध्ये राहते, मोजलेली मागणी नाकारायला तरी अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं.

महाराष्ट्रातल्या मुस्लिमांपैकी दहांत सात जण शहरांत राहतात. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आणि त्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या मेहमूदुर रहमान समितीचा २०१३ चा अहवाल, दोन्हींत शिक्षण, घर आणि नागरी सुविधा यांबाबतच्या मागासलेपणाचं चित्र आहे. या अहवालांवर परिसंवाद खूप झाले, आम्हीही ते केले. पण अहवालातली कमी पडणारी शाळेची खोली शेवटी कुठल्यातरी महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या एका ओळीत असते किंवा नसते. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते, त्यांत उर्दू शाळा मोठ्या संख्येने आहेत. उर्दू शाळेच्या इमारतीची दुरुस्ती, स्वच्छतागृह, शिक्षकांची भरती यांवर उर्दू अखबारांत दरवर्षी हळहळ व्यक्त होते. ती ओळ फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडलं जातं तेव्हा तपासली तर हळहळीऐवजी हरकत नोंदवता येईल.

आणि इथेच आमच्या वाचकांचं काम सुरू होतं. अंदाजपत्रकाचं पुस्तक मराठीत असतं. ठराव, जाहीर सूचना, टेंडरच्या अटी बहुतेक मराठीत असतात. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांची बोलीभाषा दखनी असते, वाचायची भाषा उर्दू असते. त्यांना अनुभव आहे, वजन आहे, पण तो जाडजूड ग्रंथ त्यांना उघडता येत नाही. मराठी शाळेत किंवा कॉलेजात शिकलेल्या तुम्हाला तो उघडता येतो. 'महसुली' आणि 'भांडवली' यांतला फरक, 'मूळ तरतूद' आणि 'सुधारित अंदाज' या दोन रकान्यांतला फरक चाचाजानना दखनीत समजावून सांगणं हे आज कुठल्याही भाषणापेक्षा मोठं काम आहे. सुरुवात त्या दोन रकान्यांपासूनच करा. एखाद्या कामापुढे मूळ तरतूद २५ लाख आणि सुधारित अंदाज शून्य दिसला, म्हणजे पैसा एकतर वळवला गेला किंवा पडून राहिला. दोन्हीची चौकशी करता येते.

'आपलं कोण ऐकतं?' असं कुणी म्हटलं तर त्याला हसू नका. मोहल्ल्यात अर्जावर सही करायला लोक कचरतात. उद्या कुठल्या यादीत नाव जाईल, कोण काय अर्थ लावेल, ही भीती गेल्या काही वर्षांत वाढली आहे आणि ती निष्कारण नाही. एकट्याने माहिती अधिकाराचा अर्ज टाकणाऱ्याला ठेकेदाराच्या माणसाचा फोन येतो, हेही घडतं. म्हणून आमचा सल्ला असा की हे काम एकट्याने करू नये. दहा-बारा जणांचा गट करा, त्यात दोन-तीन शेजारच्या वस्तीतले घ्या, एखादी निवृत्त शिक्षिका किंवा वकील असेल तर उत्तम. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या त्या शांततेसाठी. पोलीस आणि वस्ती यांना समोरासमोर बसवणारी ती रचना होती. तशीच समोरासमोर बसण्याची सवय आता क्षेत्रीय कार्यालयाबाबत हवी आहे.

गट बनवताना एक गोष्ट टाळता आली तर पाहा. आपल्या बैठका सहसा इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात किंवा कुणाच्या दुकानात होतात. तिथे बायका नसतात. पाण्याची वेळ, शौचालयाचा दरवाजा, अंगणवाडीची गळकी खोली, दवाखान्यातली डॉक्टरची वेळ, यांबद्दल सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडेच असते. महापालिकांनी अंदाजपत्रकातला ५ टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी राखायचा असतो. तो शिलाई मशीन आणि मेंदी-पार्लरच्या वर्गांतच संपतो की पाळणाघर, शौचालय आणि मुलींच्या वाचनालयापर्यंत पोहोचतो, हे खाला आणि आपा विचारतील तेव्हाच ठरेल. बैठक दुपारी शाळेच्या खोलीत घेतली तर त्या येतात. एवढं साधं असूनही आपण ते करत नाही, यात संस्कृतीपेक्षा सवयीचा भाग जास्त आहे.

कायद्याने दिलेल्या दुसऱ्या जागांकडेही पाहायला हवं. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला अमलात आली. तिच्यातून तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या आल्या. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार या समित्यांवर त्या भागात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. प्रत्यक्षात या जागा पक्षाच्या नाराज कार्यकर्त्यांची सोय लावायला वापरल्या जातात. तरीही अर्ज करायचा मार्ग खुला आहे आणि मोहल्ल्यात वर्षानुवर्षं राबणाऱ्या शिक्षण संस्था, दवाखाना चालवणारे ट्रस्ट त्या वाटेला क्वचितच जातात. २००९ च्या दुरुस्तीने 'क्षेत्र सभा' आली, म्हणजे शहरातली ग्रामसभा. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलावून कामांचा अग्रक्रम ठरवायचा. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकाला 'आपली पहिली क्षेत्र सभा कधी?' असं लेखी विचारायला काहीच हरकत नाही. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.

शहराबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी चित्र वेगळं आहे. कोकण, मराठवाडा, विदर्भातल्या कितीतरी गावांत मुस्लिमांची वीस-तीस घरं असतात. ग्रामपंचायतीत मतांच्या बळावर काही मिळवण्याइतकी ती संख्या नसते. पण ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला उभं राहून बोलता येतं. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि पुन्हा भरलेल्या सभेला या संख्येची अटच नसते. गावचे कारभारी हे पक्कं ओळखून असतात. पहिल्या सभेला गर्दी होऊ द्यायची नाही आणि तहकूब सभेत आठ-दहा जणांत सगळं उरकायचं. त्यामुळे तहकूब सभेची तारीख विचारून तिला जाणं हेच खरं काम आहे. तिथे वीस जण आले तर ते बहुमत असू शकतं.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्याकडच्या अपंग मुलांच्या आई-वडिलांपैकी किती जणांना या ५ टक्क्यांची माहिती आहे? पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६ मध्ये, ग्रामपंचायतींना आलेल्या मूळ अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. ज्या वाडीला अजून टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या तरुणांनी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचं नाव टाकून पाहावं. कुठल्या कामावर किती खर्च दाखवला आहे ते तिथे दिसतं. दाखवलेली टाकी गावात दिसते का, ते पाहायला पोर्टल लागत नाही.

कागदावरचं काम जागेवर जाऊन मोठ्याने वाचण्याची ही रीत राजस्थानातल्या मजुरांनी देशाला शिकवली. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावात पहिली जनसुनावणी घेतली. पंचायतीच्या कामांचे कागद गावासमोर वाचून दाखवले आणि हजेरीपटावरची खोटी नावं व न झालेल्या कामांची बिलं लोकांनीच ओळखली. त्या लढ्याच्या ओघात २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. केरळने १९९६ मध्ये 'जनयोजना' मोहीम सुरू केली, तेव्हा राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि ग्रामसभांना काम ठरवायला बसवलं. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात हाच प्रयोग १९८९ पासून झाला आणि तिथे गरीब वस्त्यांनी आधी गटारं आणि पाणी मागून घेतलं. पुण्याच्या पाव टक्क्याशेजारी केरळचा आकडा ठेवला म्हणजे आपण किती थोड्यावर खूश आहोत ते कळतं. नागरिकांच्या सहभागाची रक्कम वाढवा, ती वर्गीकरणातून वगळा आणि कुठला अर्ज का नाकारला याची यादी प्रभागनिहाय जाहीर करा, या तीन मागण्या आम्ही पुण्यापुरत्या स्पष्टपणे करतो. ज्या महापालिकांत अशी पद्धतच नाही, तिथल्या नव्या नगरसेवकांनी पहिल्या वर्षात तसा ठराव आणावा.

तोवर हाताशी असलेलं एक साधन वापरू. राज्य सरकारने २०१८ मध्ये सूचना काढून जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायला सांगितलं आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीपासून होती. काही कार्यालयांत 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे उत्तर मिळेल. अशा वेळी तारीख आणि वेळ लिहून आवक विभागात पत्र द्या. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात सगळ्या शहराचा पसारा मागू नका. आपल्या गल्लीतलं एकच काम निवडा आणि त्याचं एस्टिमेट, वर्क ऑर्डर आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. याच कायद्यानुसार झालेल्या कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या मालाचा नमुनाही मागता येतो.

आम्ही या अंकापासून असे कागद वाचून देण्याचं काम हाती घेत आहोत. ज्या गटांना आपल्या प्रभागाच्या अंदाजपत्रकाची पानं समजून घ्यायची आहेत, त्यांनी ती फोटो काढून पाठवावीत. पुण्यातल्या वाचकांनी ऑगस्टची वाट न पाहता आत्ताच आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन मागच्या वर्षी आपल्या प्रभागातून किती अर्ज आले होते आणि त्यातली कुठली कामं घेतली, एवढी यादी आणावी. ती दोन पानांची असेल. तिची एक प्रत मशिदीच्या नोटीस बोर्डावर, चंद्याच्या हिशेबाशेजारी लावायला कमिटीची परवानगी मिळते का, तेही विचारून पाहा.